कोलंबानस : घरी न परतण्याचे व्रत

सहाव्या शतकातील आयर्लंडमध्ये शहरे नव्हती, नाणी पाडली जात नव्हती आणि रोमन साम्राज्याची सत्ता तिथे कधी पोहोचलीच नव्हती. लहान लहान राजे आणि त्यांच्या टोळ्या असा तो देश होता, आणि माणसाला कायद्याचे संरक्षण मिळे ते त्याच्या कुळामुळे, तेही आपल्या राजाच्या हद्दीत असेपर्यंत. हद्द ओलांडली की तो परका ठरे. त्याला कोणी मारले, लुबाडले, तर त्याच्या वतीने भरपाई मागणारे तिथे कोणी नसे. म्हणूनच समुद्रापार हद्दपार होणे ही तेथील अत्यंत कठोर शिक्षांपैकी एक मानली जाई. हीच शिक्षा काही आयरिश संन्याशांनी देवासाठी आपणहून पत्करली. आपले माणूस, आपली भाषा, आपली जमीन यांचा कायमचा त्याग हे त्यांचे व्रत होते, आणि धर्मप्रसार हा त्या व्रताच्या ओघात घडून आलेला भाग होता. या संन्याशांपैकी ज्याच्याविषयी मी पुन्हा पुन्हा वाचत आलो, तो कोलंबानस साधारण 590 च्या सुमारास आयर्लंड सोडून निघाला, 615 मध्ये इटलीत वारला आणि मधल्या पंचवीस वर्षांत एकदाही मायदेशी परतला नाही.

त्याच्याविषयी आपल्याला कळते ते दोन वाटांनी. पहिली वाट म्हणजे योनास या इटालियन संन्याशाने लिहिलेले चरित्र. कोलंबानसच्या मृत्यूनंतर साधारण तीन वर्षांनी योनास त्याने इटलीत शेवटी उभारलेल्या बॉबियोच्या मठात दाखल झाला, त्याला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या लोकांमध्ये वावरला आणि 640 च्या आसपास त्याने हे चरित्र पूर्ण केले. दुसरी वाट म्हणजे कोलंबानसचे स्वतःचे लॅटिन लेखन : पत्रे, प्रवचने, मठाचे नियम आणि प्रायश्चित्तांची संहिता. या दोन वाटांवर दोन वेगळी माणसे भेटतात. योनासचा कोलंबानस चमत्कार करतो, राजांना भाकिते ऐकवतो आणि कुठेही हरत नाही. पत्रांतला कोलंबानस भांडतो, थकतो, शिष्यांच्या काळजीने व्याकूळ होतो आणि रडू आवरतो. मला हा दुसरा माणूस अधिक खरा वाटतो, पण पहिल्याला सोडून दुसऱ्याची गोष्ट सांगता येत नाही.

त्याचा जन्म लेन्स्टर प्रांतात 540 नंतरच्या काही वर्षांत झाला. योनास सांगतो की तरुणपणी देहाच्या मोहांनी अस्वस्थ झालेला कोलंबानस एका एकांतवासी तपस्विनीकडे सल्ला मागायला गेला. तिने सांगितले की मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी घर सोडले आहे, स्त्री नसते तर समुद्र ओलांडून गेले असते; तू तरुण आहेस, इथे थांबलास तर पडशील, तेव्हा नीघ. तो घरी आला आणि जायला निघाला, तेव्हा आई उंबऱ्यावर आडवी पडली. त्याने तिला ओलांडले आणि तो चालू लागला. या जन्मी तू मला पुन्हा पाहणार नाहीस, असे तिला सांगून गेला. घर सोडणाऱ्या विरक्तांच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि अशा वियोगाचे आपल्याला वावडे नाही. तरीही उंबऱ्यावर पडलेली ती आई मला या साऱ्या चरित्रात सर्वांत जास्त बोचते. योनासने तिचे नावही दिलेले नाही.

पुढची वर्षे अध्ययनात गेली, आधी सिनेल नावाच्या विद्वानाजवळ आणि मग बँगरच्या मठात, कोमगाल या कडक शिस्तीच्या मठाधिपतीच्या हाताखाली. बँगर हा आयर्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा मठ कठोर तपासाठी आणि विद्येसाठी एकसारखाच प्रसिद्ध होता. कोलंबानस तिथे अनेक वर्षे शिकला, शिकवत राहिला, आणि चाळिशी उलटल्यावर त्याने कोमगालकडे देश सोडण्याची परवानगी मागितली. कोमगालने ती सहजासहजी दिली नाही. शेवटी बारा सोबती घेऊन तो गलबतात बसला आणि गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, उतरला.

तिथल्या फ्रँक राजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारून तोवर जवळजवळ एक शतक होत आले होते. त्यामुळे कोलंबानस मूर्तिपूजकांच्या देशात आला होता असे म्हणता येत नाही. गावोगाव चर्च होती, शहरांत बिशप होते. योनासच्या मते उणीव होती ती पापाच्या प्रायश्चित्ताची आणि देहदंडाची. बर्गंडी या फ्रँक राज्याच्या राजाने या परक्या संन्याशांना व्होज पर्वतातल्या जंगलात जागा दिली. आनग्रे इथे एका पडक्या रोमन गढीत त्यांनी पहिला मठ मांडला. सुरुवातीला त्यांच्याजवळ खायला झाडांच्या साली आणि रानपाल्याशिवाय काही नव्हते. एकदा उपासमार अगदी टोकाला गेली तेव्हा दुसऱ्या एका मठाधिपतीने मार्कुल्फ नावाच्या कोठाऱ्याबरोबर घोड्यांवर धान्य लादून पाठवले. मार्कुल्फला रस्ता ठाऊक नव्हता, म्हणून त्याने लगाम सैल सोडले, आणि घोडे आपली वाट आपणच शोधत आनग्रेच्या दारात येऊन उभे राहिले. योनासला हा चमत्कार वाटतो. मला त्यात ओसाड जंगलातली एखादी जुनी रोमन वाटही दिसते.

माणसे वाढू लागली तशी आनग्रेची जागा अपुरी पडली, आणि काही मैलांवर लुक्सय इथे दुसरा मठ उभा राहिला. लुक्सय हे रोमन काळातले उष्ण झऱ्यांचे गाव. कोलंबानस आला तेव्हा स्नानगृहे ढासळलेली होती, झाडीत दगडी मूर्ती उभ्या होत्या आणि जंगली श्वापदे त्या अवशेषांत राहत होती. तिथे फ्रँक सरदारांची मुलेही संन्यास घ्यायला येऊ लागली, आणि फाँतेन इथे तिसरा मठ काढावा लागला. स्वतः कोलंबानस मात्र अधूनमधून सगळ्यांपासून दूर, खडकातल्या एका गुहेत जाऊन राही. ती गुहा आधी अस्वलाची होती. त्याने अस्वलाला निघून जायला सांगितले आणि ते गेले, अशी योनासची कथा आहे.

त्याच्या मठाचा नियम वाचताना धडकी भरते. जेवण हलके आणि फक्त संध्याकाळी : भाजीपाला, कडधान्ये, पाण्यात कालवलेले पीठ आणि एक लहानसा पाव. हिवाळ्यात शनिवार-रविवारच्या रात्री पंचाहत्तर स्तोत्रे गायची. संन्याशाने अंथरुणावर यावे ते थकून, चालताचालताच त्याचा डोळा लागावा, आणि झोप पुरी होण्याआधी त्याला उठवले जावे, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. जेवताना चमच्यावर क्रुसाची खूण करायला विसरला, सहा फटके. स्तोत्राच्या सुरुवातीला खोकून गाणे बिघडवले, सहा फटके. खोकल्यालाही शिक्षा असावी हे मला आजही पटत नाही. परंतु त्याच नियमात हेही आहे की मर्यादा सोडून केलेला उपवास हा गुण नसून दोष आहे आणि अन्न कामाच्या मानाने असावे. त्याला शरीर मोडायचे नव्हते. माणसाची स्वतःची इच्छा मोडायची होती. हे त्याला किती साधले हे ठरवणे अवघड आहे, पण त्याच्या हयातीत शेकडो लोक या शिस्तीखाली राहायला आपण होऊन आले, हे नाकारता येत नाही.

त्याची प्रायश्चित्तांची संहिता मला नियमापेक्षाही महत्त्वाची वाटते. जुन्या चर्चमध्ये गंभीर पापाचे प्रायश्चित्त जाहीरपणे घ्यावे लागे आणि तेही आयुष्यात एकदाच. त्यामुळे बरेच लोक ते मरणाच्या दारापर्यंत लांबणीवर टाकत. आयरिश मठांत मात्र माणूस एका धर्मगुरूजवळ खासगीत, हवे तितक्या वेळा, आपले पाप सांगू शके, आणि प्रत्येक पापाला मोजून प्रायश्चित्त असे. कोलंबानस आणि त्याच्या शिष्यांनी ही पद्धत युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. आज गोव्यातला कॅथलिक माणूस कुमसाराला जातो, तेव्हा तो ज्या खासगी आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या पापनिवेदनाला जातो, त्याच्या घडणीत या आयरिश संन्याशांचा मोठा वाटा आहे. या संहितेतला एक नियम मी विसरू शकत नाही. एखाद्या धर्मसेवकाने माणूस मारला तर त्याने दहा वर्षे परदेशी काढावीत. मग परत येऊन मेलेल्याच्या आईवडिलांसमोर उभे राहावे, तुम्ही सांगाल ते करीन असे म्हणावे आणि त्यांच्या मुलाची जागा भरून काढावी. हे केले नाही तर तो बायबलमधल्या, भावाचा खून करणाऱ्या काइनासारखा जन्मभर भटकत राहील. म्हणजे खुन्यालासुद्धा कोलंबानसने परतीचा रस्ता ठेवला होता. स्वतःसाठी त्याने तो ठेवला नव्हता.

स्थानिक बिशपांशी त्याचे जमले नाही. वादाचे निमित्त होते ईस्टरची तारीख. आयरिश लोक चौऱ्याऐंशी वर्षांच्या जुन्या चक्रावरून ती काढत, आणि गॉलमध्ये व्हिक्टोरियस नावाच्या गणितज्ञाची कोष्टके चालत. परिणामी काही वर्षी एकाच मुलखात दोन वेगळ्या दिवशी ईस्टर येई. कोलंबानसने थेट रोमला, थोरल्या ग्रेगरी पोपला, पत्र लिहून कळवले की आमच्या विद्वानांनी व्हिक्टोरियसचे गणित तपासले आहे आणि ते हसण्याजोगे ठरले आहे. पुढे 603 मध्ये बिशपांची सभा भरली तेव्हा तो गेला नाही, त्याने पत्र पाठवले. त्या पत्राचा सूर पुष्कळ ठिकाणी टोचणारा आहे, पण मध्येच एक विनंती येते : बारा वर्षे आम्ही तुमच्यामध्ये राहिलो, तसेच यापुढेही मला या अरण्यात, आमच्या सतरा मृत बांधवांच्या अस्थींजवळ, शांतपणे राहू द्या. बारा वर्षांत सतरा थडगी! ज्या माणसाने आपली भूमी सोडण्याचे व्रत घेतले होते, त्याला आता या परक्या जंगलातून हलायचे नव्हते, कारण त्याची माणसे तिथे पुरलेली होती.

त्याला तिथून हलवले ते राजवाड्याने. बर्गंडीच्या गादीवर तरुण थ्यूडेरिक होता आणि खरा कारभार त्याची आजी ब्रुनहिल्डा पाहत होती. थ्यूडेरिकने लग्नाची राणी न ठेवता उपपत्नी ठेवल्या होत्या, यावरून कोलंबानस त्याला सतत बोल लावी. एकदा ब्रुनहिल्डाने राजाची मुले पुढे करून त्यांना आशीर्वाद द्यायला सांगितले. त्याने साफ नकार दिला. ही मुले व्यभिचारातून जन्मलेली आहेत, यांच्या हाती राजदंड कधी येणार नाही, असे तो म्हणाला. फ्रँकांच्या रिवाजात उपपत्नीच्या मुलालाही गादी मिळू शके, त्यामुळे हा नुसता धार्मिक नकार नव्हता, वारसाहक्कावरच घाव होता. त्या पोरांचा काय दोष, हा प्रश्न मला इथे पडतो आणि कोलंबानसच्या बाजूने त्याचे उत्तर मला सापडलेले नाही. यानंतर दरबाराने मठाची कोंडी सुरू केली. राजा स्वतः लुक्सयला आला आणि मठाच्या आतल्या भागात सर्वांना प्रवेश का नाही, असा जाब विचारू लागला. कोलंबानसने मठ मोडायला आला असशील तर तुझेच राज्य मोडेल असे सुनावले. त्यावर राजाने दिलेले उत्तर योनासने नोंदवले आहे : माझ्या हातून तुला हुतात्म्याचा मुकुट मिळेल अशी तुझी आशा असेल, पण मी इतका वेडा नाही.

610 मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले. आधी बेझांसाँला नेले, तिथून पहारा ढिला पाहून तो चालत लुक्सयला परत आला. मग सैनिक पाठवले गेले, आणि ते त्याच्या पाया पडून विनवू लागले की आपण निघाला नाहीत तर आमचे प्राण जातील. दुसऱ्यांच्या जिवासाठी तो निघाला. बरोबर जाण्याची मुभा फक्त आयर्लंड आणि ब्रिटनीकडून आलेल्या संन्याशांना होती. फ्रँक शिष्य मागे राहिले. ल्वार नदीतून होडीने त्यांना समुद्राकडे नेले जात असताना ऑर्लेआँ शहरात चर्चची दारेही त्यांना बंद होती. दोन संन्यासी अन्न मागत फिरले, पण राजाच्या धाकाने कोणी काही देईना. अखेर एक सीरियन बाई भेटली. मीही तुमच्यासारखी परकी आहे, दूर पूर्वेकडच्या उन्हातून आलेली, असे म्हणून तिने त्यांना घरी नेऊन वाढले. तिचा नवरा आंधळा होता, आणि कोलंबानसच्या प्रार्थनेने त्याला दृष्टी आली असे योनास पुढे सांगतो. चमत्कार बाजूला ठेवला तरी सातव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या एका नदीकाठी आयर्लंड आणि सीरिया असे शिधा वाटून घेताना दिसतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

नाँतच्या बंदरात, आयर्लंडला जाणाऱ्या गलबताची वाट पाहत, त्याने लुक्सयमध्ये मागे राहिलेल्या शिष्यांना एक पत्र लिहिले. त्याच्या सर्व लेखनात मला हे पत्र श्रेष्ठ वाटते. त्यात सूचना आहेत, काळजी आहे, एकमेकांशी भांडू नका अशी पुन्हा पुन्हा विनवणी आहे, आणि कोणत्याही गोष्टीला धड क्रम नाही. प्रेमाला क्रम पाळता येत नाही म्हणून पत्र असे विस्कळीत झाले, हे त्याने स्वतःच लिहून टाकले आहे. एका शिष्याला उद्देशून तो लिहितो की तुला रडवणारे पत्र लिहायचे मनात होते, पण तुझे मन मी जाणतो, म्हणून शब्द वरून शांत ठेवले आणि दुःख आत कोंडले. तरी बघ, अश्रू वाहू लागलेच, पण झरा बुजवलेला बरा, कारण शूर शिपायाने लढाईत रडू नये. मूर्तिपूजकांमध्ये जाऊन धर्म सांगण्याची आपली इच्छा होती, पण त्यांच्या थंडपणाची वार्ता ऐकून तिची ओढही ओसरत चालली आहे, असेही तो कबूल करतो. एवढ्यात मध्येच निरोप्या येतो, आणि कोलंबानस लिहितो : गलबत तयार होत आहे, माझ्या मनाविरुद्ध मला मायदेशी नेणार आहेत; मात्र मी पळून गेलो तर अडवणारा कोणी पहारेकरी नाही, बहुधा मी पळावे हीच त्यांची इच्छा आहे.

इतर सर्वांना घर सोडायला लावणे ही शिक्षा असते. या माणसाला घरी पाठवणे ही शिक्षा होती. इतकी वर्षे मनात धरलेले व्रत राजाच्या हुकमाने मोडले जाणार होते. पण गलबत निघाले ते लाटांनी मागे रेटले आणि किनाऱ्यावर तीन दिवस रुतून बसले. नाखव्याने या संन्याशांना सामानासकट खाली उतरवले, आणि मग गलबत सुटले. कोलंबानस गॉलमध्येच राहिला.

तिथून तो थ्यूडेरिकच्या विरोधी राजांच्या आश्रयाने ऱ्हाइन नदीच्या वरच्या अंगाला गेला आणि कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी ब्रेगेंत्सला राहिला. इथे तो खऱ्या अर्थाने मूर्तिपूजकांमध्ये आला. अलेमानी लोक वोडान देवासाठी मोठ्या पिंपात बिअर भरून बसले होते, त्याने फुंकर घातली आणि पिंप फुटले, अशी कथा आहे. ती भाषा उत्तम येणारा त्याचा शिष्य गालस लोकांशी बोले, मासे पकडण्यासाठी जाळी विणी, आणि देवळे पाडण्यातही तोच पुढे असे. दुसऱ्यांची दैवते अशी फोडण्याचे समर्थन मी करणार नाही. हे वास्तव्य फार टिकलेही नाही. 612 मध्ये थ्यूडेरिकने आपल्याच भावाचा पराभव केला, तो मुलूख त्याच्या हाती गेला आणि कोलंबानसला पुन्हा निघावे लागले, या वेळी आल्प्स ओलांडून इटलीकडे. त्याचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात होते.

गालस तापाने आजारी होता, त्याने आपण चालू शकत नसल्याचे सांगितले. गालसच्या चरित्रात पुढचा प्रसंग आहे. कोलंबानसला वाटले की हा इथल्या जागेच्या मोहाने थांबतो आहे, आणि त्याने आज्ञा दिली की मी जिवंत आहे तोवर तू मिस्सा, म्हणजे धर्मगुरूने करायची मुख्य उपासना, अर्पण करायची नाहीस. बँगरहून बरोबर निघालेल्या माणसाला हा दंड! गालसने तो निमूट पाळला आणि जंगलात झोपडी बांधून राहिला. कोलंबानसने मरताना आपली काठी त्याच्याकडे पाठवायला सांगितली, आणि ती काठी हातात आल्यावर गालसला कळले की क्षमा मिळाली. त्या झोपडीच्या जागी आठव्या शतकात सांक्ट गालेनचा मठ उभा राहिला, आणि त्याचे ग्रंथालय आजही स्वित्झर्लंडमध्ये आहे.

इटलीत लोंबार्ड राजा अगिलुल्फ आणि राणी थिओडेलिंडा यांनी त्याला आपेनाइन डोंगरातल्या त्रेब्बिया नदीच्या खोऱ्यात बॉबियो इथे संत पीटरचे एक पडके चर्च दिले. 614 मध्ये त्याने तिथे शेवटचा मठ उभारला. योनास सांगतो की उतारावरून लाकडाचे ओंडके वाहून आणायला म्हातारा कोलंबानस स्वतः खांदा देई. दरम्यान 613 मध्ये थ्यूडेरिक अकस्मात मेला, ब्रुनहिल्डाला क्लोथार (दुसरा) या फ्रँक राजाने हाल करून ठार मारले, आणि सगळ्या फ्रँक राज्याचा धनी झालेल्या क्लोथारने कोलंबानसला सन्मानाने लुक्सयला परत बोलावले. सतरा बांधवांच्या अस्थी तिथे होत्या, शिष्य तिथे होते, शत्रू उरला नव्हता. तरीही तो गेला नाही. लुक्सयच्या बांधवांना सांभाळ, एवढीच विनंती त्याने राजाला पत्राने केली. नोव्हेंबर 615 मध्ये तो बॉबियोलाच वारला.

बॉबियोच्या ग्रंथालयात पुढे आयरिश आणि इटालियन हातांनी लिहिलेली पुष्कळ हस्तलिखिते जमली. 1819 मध्ये अँजेलो माई या ग्रंथपालाला व्हॅटिकनमध्ये सापडलेला, खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रांवरचा, प्राचीन रोमन लेखक सिसेरोचा राज्यशास्त्रावरील हरवलेला ग्रंथ मूळचा बॉबियोचाच. मला त्याहून मोलाचे वाटते ते बँगरच्या मठातील स्तोत्रांचे एक छोटे पुस्तक. नवव्या शतकात व्हायकिंगांनी बँगर लुटले आणि तिथल्या ग्रंथसंग्रहातले जवळपास काहीच आज शिल्लक नाही. हे पुस्तक मात्र कधीतरी बॉबियोला येऊन पोहोचले आणि आता मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात आहे. त्याच्या शेवटच्या स्तोत्रात बँगरच्या मठाधिपतींची नावे ओळीने गुंफलेली आहेत. पहिले नाव कोमगालचे, आणि शेवटचे क्रोनानचे, जो त्या वेळी हयात होता. त्यावरूनच हे पुस्तक 680 ते 691 या काळात लिहिले गेले असे ठरवता आले.